ओटीएस नाहीतर पुनर्गठन चालू असताना बँकेचं खातं कसं सांभाळायचं

कर्जाचं पुनर्गठन झालं किंवा ओटीएसचं (एकरकमी परतफेडीच्या तडजोडीचं) पत्र हातात पडलं की माणूस म्हणतो सुटलो बाबा एकदाचा, आणि मग अनुदान जमा झाल्याचा मेसेज येतो, माणूस आमच्या सीएससी सेंटरवर (सरकारी सेवा केंद्रावर) येऊन मशीनवर अंगठा लावतो, स्क्रीनवर शिल्लक नऊ हजार दिसते आणि पाचशे टाकले तरी व्यवहार फेल. "बाळा, पैसे दिसायलेत पण निघनात, तुझी मशीन बिघडली का बघ." मशीन ठीक असते काका, तुमच्या खात्याला होल्ड लागलाय, म्हणजे बँकेनं पैसे काढायला अडवून ठेवलंय. परभणी, हिंगोली, बीड, लातूर कुठंही जा, बँकेच्या दारात याच एका कारणासाठी उभी असलेली माणसं दिसतील, म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढतोय. पीककर्ज, ट्रॅक्टरचं कर्ज, मुद्रा, बचतगटाचं, वाळूजच्या कंपनीत पगारावर घेतलेलं पर्सनल लोन, सगळ्यांना थोड्याफार फरकानं हेच लागू आहे.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. कर्जाची तडजोड हा एक विषय आणि तुमचं बचत खातं हा दुसरा विषय, बँक स्वतःहून या दोन्हीची सांगड घालून देत नाही. तडजोडीच्या पत्रात होल्डबद्दल एक ओळही नसेल तर कॉम्प्युटरवर लावलेला जुना होल्ड तसाच राहतो, कुणी मुद्दाम त्रास देतं म्हणून नाही तर तो काढा असं कुणी सांगितलेलंच नसतं म्हणून.

तुमचं नेमकं काय झालंय ते बघा

पुनर्गठन म्हणजे कर्ज माफ नाही, फक्त मुदत वाढते. अतिवृष्टी, गारपीट, दुष्काळ असं काही सरकारनं जाहीर केलं की पीककर्जाचं मुदती कर्जात रूपांतर होतं. रिझर्व बँकेच्या २०१८ च्या निर्देशांत ३३ ते ५० टक्के नुकसानीला जास्तीत जास्त २ वर्षं आणि ५० टक्के किंवा वर नुकसान असेल तर ५ वर्षांपर्यंत मुदत दिलेली होती, आणि दोन्हीत पहिलं एक वर्ष हप्ता नव्हता. व्याजाची सवलत मात्र साधारणपणे पहिल्याच वर्षी, दुसऱ्या वर्षापासून नेहमीचा दर लागतो, हे सही करताना कुणी सांगत नाही आणि आपणही विचारत नाही. पुनर्गठन झालं की बहुतेक वेळा कर्जखात्याचा नंबर बदलतो, जुन्या केसीसीच्या (किसान क्रेडिट कार्डाच्या) नंबरावर पैसे भरत बसू नका, नवा नंबर लिहून घ्या.

ओटीएस म्हणजे एकरकमी परतफेड, बँक काही सोडते आणि तुम्ही ठरलेल्या तारखेपर्यंत बाकीचं भरता. लोक अदालतीत झालेली तडजोड वेगळी, तिचा निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा असतो आणि त्यावर अपील नाही, म्हणून तिथं सही करण्याआधी घरच्या शिकलेल्या पोराला शेजारी बसवा.

बँक होल्ड लावू शकते का? हो, पण मनाला येईल तसा नाही

१८७२ च्या करार कायद्यात कलम १७१ आहे, त्यानं बँकेला तुमच्या तिच्याकडं असलेल्या पैशावर धारणाधिकार मिळतो, म्हणजे देणं थकलं तर तुमचेच पैसे बँक कर्जखात्यात वळते करू शकते. पण त्याला मर्यादा आहेत. देणं आणि जमा दोन्ही त्याच बँकेत पाहिजे आणि त्याच माणसाचं पाहिजे. आणि देणं आज थकलेलं पाहिजे. पुनर्गठनात पहिला हप्ता पुढच्या वर्षी असेल तर आज थकीत काय आहे? काहीच नाही. मग होल्ड कशाचा? हाच प्रश्न लेखी विचारायचा, तो कसा ते खाली देतोय.

नवरा-बायकोचं जॉइंट खातं असेल आणि कर्ज एकट्या नवऱ्याच्या नावावर असेल तर साधारणपणे त्या खात्यातून वळती करता येत नाही, पण जामीनदार असाल तर मात्र तुमचं खातंही धोक्यात असतं. आपल्याकडं भावकीत जामीन राहायची पद्धत आहे आणि जामीनदाराला कळतं सगळ्यात शेवटी, तेव्हा तडजोड झाली की त्यालाही पत्राची एक झेरॉक्स द्या.

बँका एक झाल्या तो घोळ मराठवाड्यात फार आहे. स्टेट बँक ऑफ हैदराबाद म्हणजे आपली 'हैदराबाद बँक' १ एप्रिल २०१७ ला स्टेट बँकेत विलीन झाली. ज्यांचं कर्ज हैदराबाद बँकेत आणि बचत स्टेट बँकेत होतं त्यांना अजून वाटतं की दोन वेगळ्या बँका आहेत, तर नाही, आता ती एकच बँक आहे. सिंडिकेट कॅनरात गेली, आंध्रा बँक युनियनमध्ये गेली, देना बँक बडोद्यात गेली. तुमची खाती कागदावर आज कोणाकडं आहेत ते आधी मांडून बघा.

दुसरं एक, खातं बंद पडायची कारणं वेगवेगळी असतात. बँकेचा होल्ड वेगळा, केवायसी राहिलं म्हणून थांबवलेलं वेगळं, दोन वर्षं व्यवहार नाही म्हणून निष्क्रिय झालेलं वेगळं (ते फुकटात चालू करून द्यावं लागतं), आणि सायबर पोलिसांनी गोठवलेलं तर एकदमच वेगळं. जिल्हा बँक, नागरी बँक, पतसंस्था असेल तर सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुलीचा दाखला निघतो, त्यावर वसुली अधिकारी दुसऱ्या बँकेतल्या खात्यावरही जप्ती आणू शकतो. म्हणून काउंटरवर "खातं का बंद आहे?" एवढंच विचारू नका, "कशाचा होल्ड, किती रकमेचा, कोणत्या तारखेचा आणि कोणाच्या आदेशानं" असं विचारा.

दुसऱ्या बँकेत एक खातं उघडा, आजच

ज्या बँकेचं तुम्ही एक रुपयाही देणं लागत नाही तिथं घरखर्चाचं खातं पाहिजे. यात लपवाछपवी काही नाही, बेकायदेशीरही नाही. खूप जणांना भीती वाटते की दुसरं खातं काढलं तर कर्जमाफीतून नाव उडेल. २०१९ च्या महात्मा फुले योजनेत पैसे आधार प्रमाणीकरण करून थेट कर्जखात्यात गेले होते, तुमचं बचत खातं कुठं आहे याचा त्याच्याशी संबंध नव्हता.

बचत खातं उघडायला सिबिल (कर्जफेडीचा स्कोअर) लागत नाही, आधार आणि पॅन लागतं, पॅन नसेल तर बँकेत त्याऐवजीचा फॉर्म भरून होतं. मिनिमम बॅलन्सची कटकट नको असेल तर बीएसबीडी म्हणजे मूलभूत बचत खातं मागा, जनधन त्यातलंच. त्यात शिल्लक शून्य चालते आणि एटीएम कार्डाचे पैसे नाहीत. मात्र ज्या बँकेत बीएसबीडी काढाल तिथं दुसरं बचत खातं ठेवता येत नाही.

माझ्या मतानं खेड्यातल्या माणसाला इंडिया पोस्ट पेमेंट्स बँक बरी. पोस्टमन घरी येऊन अंगठ्यावर खातं उघडतो, आणि पेमेंट्स बँकेला स्वतः कर्ज द्यायची परवानगीच नाही, मग ती तुमचे पैसे कोणत्या कर्जाला वळते करणार? मर्यादा एकच, शिल्लक २ लाखांच्या आत ठेवावी लागते. दुकानदारांनी मात्र ध्यानात ठेवा, करंट खात्याचे नियम वेगळे आहेत, तिथं नवी बँक तुमच्या जुन्या कर्जाची चौकशी करते.

आता पैसे तिकडं वळवा, आणि इथंच बहुतेकांचं चुकतं

खातं उघडलं, आधारची झेरॉक्स दिली, झालं लिंक, असं नसतं. केवायसीला आधार देणं वेगळं आणि डीबीटीसाठी, म्हणजे सरकारचे पैसे थेट खात्यात यावेत म्हणून, आधार त्या बँकेला जोडणं (सीडिंग) वेगळं. पीएम किसानचे वर्षाचे ६ हजार, नमो शेतकरीचे ६ हजार, लाडक्या बहिणीचे महिन्याचे दीड हजार हे सगळं तुम्ही फॉर्मवर कोणता खाते नंबर लिहिला यावर नाही तर एनपीसीआयच्या (बँकांमधले व्यवहार जोडणाऱ्या संस्थेच्या) यादीत तुमच्या आधारसमोर कोणती बँक आहे त्यावर जातं, आणि तिथं एका वेळी एकच बँक असते. जी शेवटी सीड झाली ती. तर नव्या बँकेत आधार सीडिंगचा संमतीचा फॉर्म वेगळा मागून भरा, त्यात जुन्या बँकेकडून या बँकेकडं असा पर्याय असतो त्यावर खूण करा, आणि काही दिवसांनी माय आधारच्या साइटवर 'बँक सीडिंग स्टेटस' बघा. मोबाईल आधारला जोडलेला असला की घरबसल्या दिसतं. नव्या बँकेचं नाव आणि पुढं ॲक्टिव्ह असं आलं म्हणजेच काम झालं, त्याआधी निवांत बसू नका.

याच्या उलटही होतं. एखाद्या मेळाव्यात कुणीतरी फुकट खातं उघडून देतो, अंगठा घेतो आणि तुमचं सगळं डीबीटी तिसऱ्याच बँकेत जायला लागतं. अंगठा कशासाठी देताय ते विचारून द्या.

जे पैसे आधारवर येत नाहीत त्यांचं एक एक करून बदलावं लागतं. सोयाबीन, तूर हमीभावानं द्यायची असेल तर नोंदणीच्या वेळीच नव्या खात्याचं पासबुक लावा. दुधाचं बिल असेल तर डेअरीत सांगा. उसाचं बिल म्हणाल तर तिथं सोसायटीनं, बँकेनं कारखान्याला कपातीचं पत्र दिलेलं असतं, खातं बदलून कपात थांबत नाही, तडजोडीत ते पत्र मागं घ्या असं लिहूनच घ्यावं लागतं. पीकविमा कर्जदार म्हणून बँकेनं परस्पर भरलेला असेल तर पुढच्या हंगामात मुदतीच्या ७ दिवस आधी 'मला बँकेमार्फत नको' असं लिहून देता येतं आणि मग स्वतः सीएससीवर तुमच्या पसंतीचं खाते टाकून भरता येतो. पण लिहून दिलं आणि भरायचंच राहिलं तर विमा नाही, हे लक्षात ठेवा. कंपनीतले असाल तर एचआरला पगाराचं खातं बदलायचा अर्ज द्या, काही कंपन्यांचा एकाच बँकेशी करार असतो, तिथं पगार पडला की त्याच दिवशी तुमच्या दुसऱ्या खात्यात पाठवा.

जुनं खातं बंद करू नका

रागाच्या भरात लोक पहिलं हे करतात. हप्ता जायला, पत्रव्यवहाराला, आणि उद्या "तुम्ही भरलंच नाही" असं कुणी म्हणालं तर दाखवायला तेच खातं लागतं. ते फक्त हप्त्यापुरतं ठेवा. हप्त्याच्या दोन-तीन दिवस आधी तेवढेच पैसे टाका, वर दोन-चारशे चार्जेससाठी. मिनिमम बॅलन्स नाही म्हणून दंड लावून बँकेला शिल्लक वजामध्ये नेता येत नाही, रिझर्व बँकेचा तसा नियम आहे, पासबुकात उणे आकडा दिसला तर भांडा.

पुनर्गठनानंतर जुनं मँडेट (हप्ता आपोआप कापायची तुम्ही दिलेली परवानगी) रद्द झालं का हे हमखास तपासा. जुना हप्ता आणि नवा हप्ता दोन्ही एकाच महिन्यात ओढले जातात आणि दोन्ही बाउन्स होतात असं होतं, दोन्हीकडचे चार्जेस बसतात, वर ऑटो डेबिट बाउन्स होणं हे २००७ च्या पेमेंट कायद्याच्या कलम २५ खाली चेक बाउन्ससारखाच गुन्हा धरला जातो. फायनान्स कंपनीनं कर्ज देताना सही करून घेतलेले कोरे चेक असतील तर त्यांचे नंबर तडजोडीच्या पत्रात लिहून घ्या आणि परत मागा.

अजून एक, याच्याकडं कुणाचंच लक्ष नसतं. पंतप्रधान जीवन ज्योती विम्याचे ४३६ आणि सुरक्षा विम्याचे २० रुपये मे महिन्याच्या शेवटी जुन्या खात्यातून कटतात. तिथं होल्ड असेल किंवा पैसे नसतील तर हप्ता जात नाही आणि दोन-दोन लाखांचं विमा संरक्षण ३१ मेला संपतं. कर्जातल्या घराला तर हा विमा सगळ्यात जास्त लागतो. एप्रिलमध्येच नव्या खात्यावर नवा फॉर्म भरा आणि जुना बंद करायला सांगा, दोन ठिकाणी भरून डबल क्लेम मिळत नाही.

होल्ड काढायचा अर्ज

तोंडी बोलून काही होत नाही, साहेब "बघतो" म्हणतात आणि पुढच्या महिन्यात बदली होऊन जातात. दोन प्रती काढा, एकीवर पोच म्हणून शिक्का, तारीख आणि सही घ्या. मजकूर साधा ठेवा:

*प्रति, मा. शाखाधिकारी. विषय : बचत खात्यावरील होल्ड काढणेबाबत. महोदय, माझे आपल्या शाखेत बचत खाते क्र. ..... व कर्ज खाते क्र. ..... आहे. सदर कर्जाचे दि. ..... च्या पत्रान्वये पुनर्गठन मंजूर झाले असून आजअखेर माझा कोणताही हप्ता थकीत नाही. तरीही बचत खात्यावर रु. ..... इतका होल्ड दिसत आहे. सदर होल्ड कोणत्या कारणासाठी, कोणत्या तारखेस व कोणाच्या आदेशाने लावला ते लेखी कळवावे व तो तात्काळ काढावा. खात्यात दि. ..... रोजी जमा झालेली रु. ..... ही रक्कम शासनाच्या ..... योजनेची आहे. सोबत : पुनर्गठनाचे पत्र, पासबुकाची प्रत.*

अतिवृष्टीच्या मदतीचे पैसे अडकले असतील तर अजून जोर लावा. २०२५ च्या सप्टेंबरात सिंदफणा, मांजरा, सीना, गोदावरी सगळ्याच पात्राबाहेर आल्या, शेतातली मातीसुद्धा राहिली नाही, आणि अशा मदतीतून बँकांनी कोणतीही वसुली करू नये ही अट मदतीच्या शासन निर्णयातच लिहिलेली असते. त्या निर्णयाची प्रिंट सीएससीवर मिळते, त्या ओळीखाली पेनानं रेघ मारून अर्जाला जोडा आणि एक प्रत तहसीलला द्या. दर जिल्ह्याला अग्रणी बँकेचा व्यवस्थापक असतो, त्याला सगळे एलडीएम म्हणतात, शाखा ऐकत नसेल तर त्याच्याकडं जा, माझ्या अनुभवात आंदोलनापेक्षा एलडीएमचा एक फोन लवकर काम करतो. बँकेकडं अर्ज देऊन ३० दिवस झाले आणि उत्तर नाही किंवा उडवाउडवीचं आलं, तर रिझर्व बँकेच्या लोकपालाकडं तक्रार करता येते, पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही, चौकशीला १४४४८ हा नंबर आहे. पतसंस्थेची तक्रार तिकडं चालत नाही, ती तालुक्याच्या सहायक निबंधकाकडं म्हणजे एआर ऑफिसला.

ओटीएस करत असाल तर

ओटीएसचा प्रस्ताव देताना बँक आधी काही टक्के रक्कम भरायला लावते. ती कुठं जमा होतेय ते बघा. मंजुरी येईपर्यंत ती 'नो लिएन' खात्यात, म्हणजे बँकेला कर्जाला वळती करता येणार नाही अशा खात्यात, ठेवा असं अर्जातच लिहा. तसं केलं नाही आणि रक्कम सरळ कर्जखात्यात गेली तर उद्या प्रस्ताव नामंजूर झाल्यावर ती परत येत नाही, जुन्या व्याजात जिरून जाते. एवढी एक ओळ लिहायची असते पण सोनं मोडून आणलेले पैसे असतात, म्हणून सांगतोय.

मंजुरीचं पत्र हातात नसताना "साहेब म्हणले दीड लाखात मिटवू" यावर विश्वासून भरू नका. पत्रात रक्कम, शेवटची तारीख, उशीर झाला तर व्याज की तडजोडच रद्द, होल्ड कधी निघणार, जामीनदार मोकळा होणार का, कोर्टातली केस कोण मागं घेणार, हे सगळं पाहिजे. पैसे खात्यातून खात्यात भरा, यूपीआयनं भरायचे तर साधारण दिवसाला लाखाची मर्यादा असते, म्हणून शेवटच्या दिवसावर ठेवू नका. रोख भरली तर शिक्क्याची पावती, वसुलीवाल्या पोराच्या हातात किंवा त्याच्या फोनपेवर कधीच नाही. हे वसुलीवाले सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू शकत नाहीत, केला तर तारीख-वेळ वहीत लिहून ठेवा.

तडजोडीचे पैसे भरायला मोबाईलच्या ॲपवरून कर्ज काढणारेही बघितलेत. नका करू.

सगळं भरून झाल्यावर

नो ड्यूज (काही देणं बाकी नाही असा दाखला) घ्या, कर्जखातं बंद झाल्याचं स्टेटमेंट घ्या. गहाण ठेवलेली मूळ कागदपत्रं ३० दिवसांत परत द्यायची आणि बँकेच्या चुकीनं उशीर झाला तर दिवसाला ५ हजार भरपाई, हा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे, शाखेत विचारताना तारखेसकट सांगा म्हणजे समोरचा सरळ बसतो. जमिनीवर बोजा असेल तर बँकेचं पत्र तलाठ्याकडं देऊन फेरफार करून घ्या आणि सातबाऱ्याच्या इतर हक्कातलं बँकेचं नाव गेलं का ते नवा उतारा काढून बघा, बोजा आपोआप उतरत नाही.

सिबिलवर ओटीएसची नोंद 'सेटल्ड' अशी येते, 'क्लोज्ड' नाही, त्यामुळं नवं कर्ज लगेच मिळेल ही आशा धरू नका. बिगरशेती कर्जाला त्याच बँकेत किमान १२ महिने थांबावं लागतं, शेतीच्या कर्जाला बँकेचं स्वतःचं धोरण चालतं, म्हणून पेरणीचं नियोजन असेल तर हे सही करायच्या आधी विचारा. वर्षातून एकदा सिबिलचा रिपोर्ट फुकट मिळतो, खातं बंद होऊन दोन-तीन महिने झाले की काढून बघा.

जुनं खातं यानंतर बंद करायचं तर करा. आधी कर्ज घेतल्यापासूनचं स्टेटमेंट शिक्का मारून घ्या, सुरक्षा विमा, गॅसची सबसिडी असं काही त्याला चिकटलेलं नाही ना बघा, उरलेले चेक आडव्या रेघा मारून परत द्या, कार्ड समोर कापायला लावा आणि खातं बंद केल्याची पोच मागून घ्या.